बाजेचं वावर

शेंद्र्याच्या पुढे आणि करमाडच्या अलीकडे जालना रोड सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं. आमच्या वावरांचीही होती. विहिरीचं, बाभळीचं, नाल्याकडचं. आणि एक बाजेचं. या शेवटच्या नावाला पाहुणे हसायचे. मग दादा, म्हणजे आमचे वडील, कपाळाला आठ्या घालून त्यांना तिकडे घेऊन जायचे आणि म्हणायचे, बघा.

बघण्यासारखंच होतं ते. वावराच्या मधोमध एक भलीमोठी सपाट शिळा, चार उभ्या दगडांवर टेकलेली. दोन पायाचे दगड जमिनीत जास्त रुतल्यामुळे ती एका अंगाला कललेली. लांबून पाहिलं तर कुणीतरी मोठ्या माणसानं आपली बाज टाकून ठेवली आहे आणि तो हातपाय धुवायला नाल्यावर गेला आहे, असंच वाटायचं. बाजेभोवती कमरेएवढे, छातीएवढे दगड गोलाकार उभे होते. ते कुणी उभे केले हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी पांडवांचं नाव घ्यायचं. आमच्या घरात फक्त 'आदले लोक' म्हणत. आदले, म्हणजे आपल्या आधीचे. बस, त्यापुढं कुणी चौकशी केली नाही.

त्या बाजेचे काही नियम होते आणि ते दादांनी आम्हाला अक्षर ओळखायच्या आधी शिकवले होते. बाजेवर बसायला हरकत नाही, पण पाय खाली सोडून. आडवं व्हायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण त्याच्या बाजेवर बसतो, ताणून देतो का? नाही ना? मग इथंही नाही. बोरं वाळत घालायची असतील तर विचारून घालायची. कुणाला विचारायचं, असं मी एकदा विचारलं होतं. दादा म्हणाले, "त्यायलाच." आणि आई खरंच बोरांचं फडकं पसरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची.

नांगर त्या दगडांच्या जवळ कधी जात नसे. चांगली तीन-चार हात रुंदीची पट्टी दादा सगळीकडून सोडत. एरवी हराळीची एक काडी दिसली तरी त्यांचा पारा चढायचा, पण त्या पट्टीत हराळी, तरोटा, रिंगणी सुखानं नांदत होती. बैलांना तर सवयच झाली होती. दगड जवळ आले की कासरा न ओढता ते आपसूक वळत. शेजारचा शेतकरी दादांना चिडवायचा, की एवढ्या जागेत तुमची दोन पोती तूर झाली असती, आदल्यांनी काय जमिनीचा खंड ठरवलाय का तुमच्याशी? दादा त्याच्याकडे लक्ष देत नसत.

हे सगळं सांगताना मला आजही तिथलं ऊन आठवतं. थंडीच्या दिवसांत शाळेला सुट्टी असली की मी आणि माझा धाकटा भाऊ सकाळी सकाळी तिथं जाऊन बसायचो. शिळा हळूहळू तापायची, आणि मांडीखालून ऊब वर यायची. समोर तुरीचं पिवळं वावर. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधलेला. भाऊ दर दहा मिनिटांनी विचारायचा, आता खायचं का. मी मोठी, म्हणून ठरवणार मी. मी उगाच त्याला ताटकळत ठेवायची. हुकूम गाजवायची माझी हौस तिथंच पुरी झाली, असं माझी मुलं म्हणतात. पुरी कुठं झाली, अजून चालूच आहे.

पण त्या गोलातला एक दगड आमचा होता. तो आदल्यांनी लावलेला नव्हता, दादांनी लावला होता.

माझ्या आधी आमच्या घरात एक मुलगा झाला होता. बारशापर्यंतही तो टिकला नाही. इतक्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. दादांना गावाबाहेरच्या जागेत त्याला ठेवायचं नव्हतं. आपलं लेकरू आपल्या रानात, असं त्यांचं म्हणणं. पण रानात ठेवायचं तर कुठं? जिथं पुरावं तिथून आज ना उद्या नांगर फिरणार. कसणाऱ्याच्या वावरात नांगर न फिरणारी जागा कुठली असते? आमच्याकडे तेवढी एक होती. बाजेभोवतीच्या गोलात पूर्वेच्या अंगाला एक दगड कमी होता. आमच्याच कुणा पूर्वजानं विहिरीच्या बांधकामासाठी तो कधीतरी नेला होता. त्या रिकाम्या जागी दादांनी खड्डा घेतला. वर कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून मोठा दगड हवा. तो त्यांनी मागच्या टेकडीवरून बैलांना साखळी लावून ओढत आणला, उभा केला, आणि पायाशी मुरूम आणि खडी ठोकून ठोकून भरली. दादांचं काम असंच. साधा कुंपणाचा खांब रोवला तरी तो हत्तीच्या धक्क्यानं हलू नये.

हे मला आईनं सांगितलं तेव्हा आम्ही कापूस वेचत होतो. तिनं मान वर न करता त्या दगडाकडे हात केला आणि म्हणाली, तिथं तुझा भाऊ आहे. पुढं काही नाही. मीही पुढच्या बोंडाला हात घातला. आमच्या घरात हे लपवलेलं कधीच नव्हतं, पण उघड बोललं जातही नव्हतं. कुणी आईला विचारलं, किती लेकरं, तर ती दोन म्हणायची. मी थोरली, भाऊ धाकटा. सगळे तसंच म्हणायचे.

वर्षातून एक दिवस मात्र आई त्याच्याकडे जायची. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. वर आंबा ठेवतात, जवळ खरबूज ठेवतात. ऐन उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावं म्हणून. घरात आजोबांच्या नावाचा करा असायचा. आणि एक करा बाजेपाशी, आदल्यांसाठी. त्यांचं कुणी उरलेलं नाही, मग त्यांना पाणी कोण देणार, आपणच द्यायला हवं. ही आमच्या घराची जुनीच रीत होती. पण दात न आलेल्या लेकराला पाणी देत नाहीत. ते पितरांत धरलं जात नाही. त्याचं श्राद्ध नाही, त्याचा करा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आईला हे एकदा सांगितलं, आणि आईनं व्हय म्हटलं.

व्हय म्हटलं आणि करायचं तेच केलं. आदल्यांचा करा घेऊन ती वावरात जायची तेव्हा सोबत एक बोळकंही घ्यायची, संक्रांतीचं राहिलेलं, मुठीएवढं. त्यात पाणी आणि वर दुधाचे दोन थेंब. ते सांडू न देता नेण्याचं काम माझ्याकडे. आई करा बाजेखाली ठेवायची, हात जोडायची, मग उठून चार पावलं चालून ते बोळकं आमच्या दगडापाशी ठेवायची. कुणी विचारलंच तर तेही आदल्यांचंच होतं. आदल्यांत काय लहान मुलं नसतील? कोण नाही म्हणणार? माझी आई शाळेत गेली नाही, पण अशा पळवाटा काढण्यात भल्याभल्या वकिलांना हार गेली नसती. परत निघताना कऱ्यावरचा आंबा आम्हा दोघांना मिळायचा आणि कोय कुणी चोखायची यावरून बांधावरच आमची मारामारी व्हायची. दादा पुढं निघून गेलेले असत. त्यांना बोळकं दिसत नव्हतं असं नाही.

मग मी लग्न करून शहरात आले, सिडकोत घर झालं, बँकेत नोकरी केली, निवृत्तही झाले. दादा गेले. गावाच्या अंगानं कारखाने आले. भाऊ त्यातल्याच एका कंपनीत पाळीनं जातो आणि सुट्टीच्या दिवशी शेती बघतो. रस्त्याला लागून वावरं होती तिथं आता प्लॉटच्या पाट्या आहेत. आमच्या बाजेच्या वावरालाही गिऱ्हाइकं येऊन गेली. आईनं एकालाही चहा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय, ते गिऱ्हाइकांना बरोबर कळायचं.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या कॉलेजची मुलं दगड बघायला आली. त्यांच्यामागून त्यांचे सर आले, मग पुरातत्त्ववाले आले. ही थडगी आहेत, हजारो वर्षांपूर्वीची, असं त्यांनी सांगितलं. कुणी म्हणाले नवाश्मयुग, कुणी म्हणाले छे, त्यानंतरचं, महापाषाणकाळातलं. वाद त्यांच्यातच मिटेना. गावाला मात्र भलताच चेव चढला. वेरूळला जाणारे पाहुणे आता आपल्याकडेही वळतील, रसवंती टाकू, पार्किंग करू, असे बेत पारावर शिजू लागले. वेरूळ तिकडे शहराच्या पलीकडे आणि आम्ही इकडे अलीकडे, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं. वारसा म्हणून जागा जपायची ठरली. भावानं संमती दिली. तारेचं कुंपण झालं, फाटक झालं, निळी पाटी लागली. आईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. शिळावर्तुळ व दफनस्थळ. म्हणजे काय, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, तेवढं तर मला ठाऊक होतं, बाजेवर कुणी असेल नाहीतर खाली असेल.

फाटकाची एक किल्ली भावाकडे असायची, त्यामुळे आखाजी अडली नाही. मीही निर्धास्त होते. आता तिथं प्लॉट पडणार नाहीत, जेसीबी येणार नाही. दादांनी नांगरापासून वाचवलेली जागा आता सरकार वाचवणार, याचा मला अभिमानच वाटत होता.

आणि या उन्हाळ्यात भावाचा फोन आला, की आई दोन दिवस झाले नीट जेवत नाही, तू ये.

मी गेले तर आई ओट्यावर बसलेली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ते लोकं तिथं खनू ऱ्हायले. तुला ठाऊक व्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. भावानं सांगितलं ते असं. खात्याची एक तरुण मुलगी, या कामाची प्रमुख, चार माणसं घेऊन आली होती. सगळी जागा उकरायची नाही, फक्त एक लहानसा चर घ्यायचा, खाली काय आहे ते पाहायचं आणि पुन्हा बुजवायचा, असं ठरलं होतं. चर पूर्वेच्या अंगाला, एका उभ्या दगडाच्या पायाशी. कुठल्या दगडाच्या, हे मी विचारलं नाही. आईच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

मी तशीच वावरात गेले. ती मुलगी टोपी घालून गुडघ्यावर बसली होती आणि ब्रशनं माती झटकत होती. लाघवी पोरगी. मी या शेताची, म्हटल्यावर तिनं मला सगळं कौतुकानं दाखवलं. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगात आकडा घातला होता. आमच्या दगडावरही होता. त्याच्यापुढं खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. मी विचारलं, हाच दगड का? ती म्हणाली, काकू, बाकी सगळे दगड कलले आहेत, खालची माती हललेली आहे. हा एकटा इतक्या हजार वर्षांत जागचा हलला नाही, बघा कसा सरळ उभा आहे. पायाशी खडी कशी भरली आहे बघा. त्या लोकांचं काम इतकं पक्कं होतं, याच्याखाली सगळं जसंच्या तसं सापडेल, उद्या सकाळी इथंच खणायला घेतोय.

एवढं असूनही मला हसू आलं. दादा असते तर छाती फुगवून उभे राहिले असते. ज्या माणसाच्या हातचं काम एका शिकल्यासवरल्या पोरीला हजारो वर्षांचं वाटलं, तो माणूस पंचायतीच्या कामावर मुकादमानं कधी शाबासकी दिली नाही म्हणून कुरकुरायचा. पण मला तोंड उघडवेना. खरं सांगावं, तर दगड मागाहून लावलेला ठरणार, या गोलातला नव्हे म्हणून कदाचित उपटून बाजूला काढणार. न सांगावं, तर सकाळी त्याच्या पायाशी टिकाव पडणार. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

संध्याकाळी आमची खलबतं झाली. भाऊ म्हणाला, तिथं मुंजा आहे असं सांगू, मजूर टिकाव टाकणार नाहीत. मी म्हटलं, शहाण्या, मुंजाचं नाव ऐकून ती पोरगी आणखी खोल खणेल. माझ्या डोक्यात बँकेतल्या जुन्या ओळखी फिरत होत्या, कुणाला फोन केला तर वरून काम थांबेल, वगैरे. तासभर आम्ही असे तर्क लढवत होतो. आई आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली, हात पदराला पुसले, आणि म्हणाली, "कामून एवढा घोर करू ऱ्हायले? मी सांगते ना त्या पोरीला. माह्यं हे ते."

सकाळी भाऊ पहिल्या पाळीला गेला. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि मी तिला गाडीत घालून वावराच्या तोंडाशी नेलं. तिथून ती माझा हात न धरता चालत गेली. फाटक उघडंच होतं. मजूर टिकाव घेऊन बाजेवर बसले होते, पाय खाली सोडून. आई सरळ त्या ताणलेल्या दोरीच्या आत गेली आणि दगडापाशी जमिनीवर बसली. ती मुलगी घाईनं उठली. आजी, तिथं बसू नका, असं म्हणणार होती ती, पण आईच बोलली.

"बाई, इथं नको खनू. इथं माह्यं लेकरू हे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग आईनं तिला सगळं सांगितलं, जेवढं मला आयुष्यभरात सांगितलं नव्हतं तेवढं. तो कसा होता, रंगानं कोणावर गेला होता, दादांनी बैल कसे जुंपले, टेकडीवरून दगड यायला दिवस कसा मावळला, पावलं सुजली म्हणून तिला कुणी येऊ दिलं नाही आणि ती तरी कशी मागून आली. दगड दादांनी लावला हेही सांगितलं, काही राखलं नाही. सांगताना ती रडली नाही. मुलीनं टोपी काढून हातात घेतली होती.

टोपी तिनं बाजूला ठेवली. मग आईसमोर मातीतच बसली आणि म्हणाली, की आजी, फार जुन्या काळची माणसंही तान्ह्या बाळांना दूर नेत नसत. मडक्यात घालून घराच्या जमिनीखालीच ठेवायची, अशी घरं आम्हाला सापडली आहेत.

"लांब कोन नेईन, बाई," आई म्हणाली.

मुलीनं तिथूनच आपल्या साहेबांना फोन लावला. दगड मागाहून बसवलेला आहे हे मला लिहावं लागेल, असं तिनं आम्हाला स्पष्ट सांगितलं, ते झाकता येणार नाही. पण तो हलवायचा नाही, आणि त्याच्या आसपास खणायचं नाही. चर दुसऱ्या अंगाला घ्यायचा. मजुरांनी खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली आणि ते पश्चिमेकडे गेले. मला इतकं हलकं वाटलं की मी पहिल्यांदाच आजूबाजूला नीट पाहिलं. हराळी होती. तरोटा उन्हानं वाळला होता. पलीकडे कारखान्याच्या शेडा चकाकत होत्या.

आई उठायचं नाव घेईना. मुलगीही बसून राहिली. तिनं आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून आईला दिला. आईनं तो बशी नसल्याबद्दल नाक मुरडत का होईना, पण घेतला. दोघी इकडचं तिकडचं बोलू लागल्या, तुझं गाव कोणतं, आईबाप काय करतात, लग्न झालं का. आई तिची पुरती उलटतपासणी घेत होती. मग त्या मुलीनं सहज, कुणीही विचारतं तसं विचारलं, आजी, तुम्हाला मुलं किती?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. आईच्या वतीनं बोलायची माझी जुनी खोड.

"तीन," आई म्हणाली. तिनं दगडाला हात टेकवला. "ह्यो थोरला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही मधली. धाकटा कंपनीत गेलाय."

मी तोंड मिटलं. साठी ओलांडली, दोन नातवंडं झाली, आणि सगळं आयुष्य मी थोरली म्हणून मिरवत आले. आज मला मोठा भाऊ झाला. मी आईशेजारी खाली बसले आणि मला जे रडू आलं ते मी आवरलं नाही.